सुट्टे तीन रुपये

हिंगोलीत दुसऱ्या मजल्यावर माझी गॅलरी आहे,
सहा फूट लांब, अडीच फूट रुंद.
एवढ्या जागेत एसटीत मी
चौदा माणसं उभी केलीत, पोत्यांसकट.
तेव्हा जागा नाही, असं मला कुणी सांगू नये.

माती आणली ती ड्यूटीवरूनच.
कळमनुरीची काळी, रुमालात बांधून.
बाळापूरला थांब्यामागची मुरमाड.
अर्धापूरजवळ बस पंक्चर झाली
तेव्हा केळीच्या बांधावरची दोन पिशव्या.
मुनीरभाई म्हणाले, मॅडम, सोनं निघालं का काय इथं?
आणि चाक बसवून झाल्यावर
त्यांनीच पान्यानं खणून दिली.

रंगाच्या बादलीत चुका लावला.
शिट्टी हरवलेल्या कुकरमध्ये कोथिंबीर,
ती आली नाही, पुन्हा टाकली, पुन्हा आली नाही,
मग कुकरमध्ये मिरची.

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
पण गाडी डेपोत लागली की
सीटांखाली बाटल्या लोळत असतात,
घोट-दोन घोट राहिलेल्या.
मी एकीत एक ओतत घरी आणते.
सासूबाई म्हणाल्या, कोणाकोणाचं उष्टं गं हे?
मिरचीनं विचारलं नाही.

जुलैत वारंगा फाट्याला एक बाई चढली.
अर्धंच तिकीट, तरी तीन रुपये कमी.
तिनं पदराची गाठ सोडली.
आत वालाच्या बिया,
काळ्या, कडेला पांढरी रेघ,
खडूनं ओढल्यासारखी.
म्हणाली, हे ठेवा माय, पैशाचं पुढच्या खेपेला बघू.
मशीनला बिया कळत नाहीत.
तीन रुपये मी माझे घातले.

सात बिया. उगवल्या पाच.
एक मांजरानं उकरली.
उरलेल्यांनी ग्रिल धरलं, मग कपड्यांची दोरी,
मग खालच्या पतंगे सरांची डिश.
सर घरमालक. बातम्या दिसेनात म्हणून वर आले,
वेल बघितली, बातम्यांचं विसरले,
आणि स्कूटरवर पाणी गळतं म्हणून भांडून गेले.

दसरा झाला, दिवाळी झाली. नुसता पाला.
सासूबाईंनी निकाल दिला, ही सावलीची आहे, ताटातली नाही.
मी सकाळी बिल्ला लावता लावता
वेलीकडे बघायचे,
फलाटावर माणसं घड्याळाकडे बघतात तसं.

मग थंडी पडली. पहाटे साडेचारची ड्यूटी,
अंधारात चपला शोधताना
केसांना काहीतरी लागलं.
दिवा लावला तर जांभळा तुरा.

पहिल्या तोड्याला पावशेर निघाल्या.
येसर घालून रस्सा केला.
वाटीभर खाली पाठवला.
सर काही बोलले नाहीत,
वाटी धुऊन आली
आणि स्कूटर भिंतीच्या पलीकडं गेली.

चार पोसलेल्या शेंगा मी तिकिटाच्या बॅगेत ठेवल्या.
वारंगा आलं की दारात उभी राहते.
बायका चढतात, उतरतात,
सगळ्यांच्याच पदराला गाठी.
मला तिचा चेहरा आठवत नाही.
बिया आठवतात.

शेंगा बॅगेतच वाळल्या,
खड्डा आला की मशीनपाशी खुळखुळतात.

परवा पुढच्या सीटवरच्या एका सुनेनं विचारलं,
ताई, वाजतंय काय?
नांदेडला नवी खोली केली म्हणाली,
वर पत्रा, खिडकी एकच,
तीही शेजारच्या भिंतीवर उघडते.
मी एक शेंग फोडून तिच्या हातावर ठेवली.
किती द्यायचे? तिनं पर्स उघडली.

सुट्टे नसले की आम्ही
तिकिटाच्या मागं आकडा लिहून गोल करतो.
मी तिचं तिकीट उलटं केलं,
लिहिलं, तीन.
म्हटलं, मला नको,
वारंग्याला एक बाई चढते.